सामन्यापूर्वीच्या देवकार्याची नियमावली

अलिबागच्या पंचक्रोशीतील ज्या विद्यार्थ्यावर आंतरशालेय कबड्डीच्या मैदानात उतरण्याचा प्रसंग आला आहे, त्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आदल्या सायंकाळी पोटात उठणारा गोळा हा अजीर्णाचा नसून भक्तीचा असतो. आणि वर्षभर देवघराकडे न फिरकलेला मुलगा त्या सायंकाळी आपण होऊन निरांजन लावू लागला, तर मातोश्रींनी भलत्या शंका न घेता वात पुढे करावी.

अर्ज गुदरण्यास प्रशस्त जागा म्हणजे ओहोटीच्या वेळी पायी गाठता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यातील, राघोजी आंग्रे यांनी 1759 साली बांधलेले गणपती पंचायतन; कारण तेथे पाच देवता एकाच कचेरीत बसत असल्यामुळे दप्तरोदप्तरी हिंडावे लागत नाही. भक्तीला काळवेळ नसते असे कीर्तनकार सांगतात खरे, परंतु कुलाब्याचा समुद्र कीर्तनास बसत नाही. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, हे भूगोलात पाठ केलेले असूनही कालच्या वेळेच्या भरवशावर वाळू तुडवीत गेलेला चढाईपटू आत अडकतो, आणि इकडे मैदानावर त्याच्या नावाचा पुकारा होत असताना तो तटावरून भरतीचे पाणी न्याहाळीत बसतो. डोंगरावरच्या कनकेश्वरास जाण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सातशेहून अधिक पायऱ्या चढून पायांसाठी बळ मागणाऱ्याजवळ उतरल्यावर पायच उरत नाहीत.

नवसाचा मुचलका लिहून देताना मजकूर मोघम नसावा. ‘जिंकलो तर पाच नारळ’ एवढ्यावर न थांबता कोणती फेरी, कोणता प्रतिपक्ष, हेही नमूद करावे; कारण प्रतिपक्षाची दरखास्त त्याच दप्तरी, बहुधा आपल्या आधीच, आणि सात नारळांच्या बोलीने दाखल झालेली असते. संघातील कोणी मनातल्या मनात ‘बिस्मिल्ला’ म्हणत असल्यास त्यास अडवू नये. एक अर्ज निराळ्या कचेरीत असलेला बरा.

भीती समूळ घालवू नये. यर्क्स आणि डॉडसन या दोन पंडितांनी 1908 साली विजेचे झटके देऊन असे दाखविले की, काम अवघड असेल तर बेताचाच धाक उपकारक ठरतो. प्रयोग उंदरांवर, म्हणजे साक्षात गणपतीच्या वाहनावर झाला असल्याने तो आमच्याकडे प्रमाण मानण्यास हरकत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली अलिबागेत आणलेली चुंबकीय वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वातील सूक्ष्म चढउतार टिपते, पण पहिल्या चढाईस निघालेल्या मुलाच्या गुडघ्यांची नोंद ती ठेवीत नाही, हा त्या खात्याचा आम्हांस मोठाच गलथानपणा वाटतो.

मध्यरेषेची माती कपाळी लावावी. मॅट असल्यास रबराच्या वासावर समाधान मानावे. पुढील 30 सेकंदांत स्तोत्र म्हणण्यास सवड नाही, कारण मुखात ‘कबड्डी’चा अखंड जप चालू असतो, आणि जप खंडित होताच तत्काळ शासन देणारे पंच अन्य कोणत्याही संप्रदायात आमच्या पाहण्यात नाहीत.

क्रीडाशिक्षकांनी मात्र ‘हे सगळे थोतांड आहे’ असे खड्या आवाजात सांगत राहावे. शेवटची पाच मिनिटे उरली असता सरांनी चपला काढून बाजूला ठेवल्याचे दिसले, तर खेळाडूंनी गुणफलक पाहण्याची तसदी घेऊ नये.