सोफा वाचवा : नवशिक्यांसाठी पाठ पहिला

साहित्य : एक बोका, एक सोफा (हप्ते फिटायचे असल्यास उत्तम), तीनेक फुटी लाकडी खांब, बुडाला जड फळी आणि भरपूर सुंभ. बोका विकत आणावा लागत नाही. पावसाळ्यात तो जिन्यात आपोआप सापडतो.

आधी शंकानिरसन. बोका तुमच्यावर सूड उगवत नसतो. नखांवरचं जुनं टरफल काढणं, अंग ताणणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवणं, ही तीन कामं तो एका फटक्यात उरकतो. सोफ्यावरचे ओरखडे म्हणजे चौकातला ‘भावी नगरसेवक’ फ्लेक्स. तो कुणी कचराकुंडीमागे लावतं का? नवशिका मात्र महागडा स्क्रॅचर आणतो, हॉलची शोभा जाते म्हणून बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे ठेवतो आणि ‘आमच्या बोक्याला अक्कलच नाही’ असं पाहुण्यांना सांगतो.

कृती : सोफ्याच्या ज्या कोपऱ्याच्या चिंध्या झाल्या आहेत, तिथेच खांब खेटून उभा करावा. शोभेचं काय, असं सासूबाईंनी विचारल्यास नम्रपणे त्या चिंध्यांकडे बोट दाखवावं. बोका मागच्या पायांवर पूर्ण ताणला तरी वर चार बोटं खांब उरला पाहिजे. आणि तो डगमगता कामा नये. एकदा हलला की संपलं. बोका पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाही. सुंभाचे वेढे घट्ट, एकमेकांना चिकटून हवेत. महिन्याभरात तुसं निघून खांब भिकार दिसू लागला, की समजावं, पसंत पडला! अशा वेळी स्वच्छतेच्या उत्साहात त्याला धुऊनपुसून नवा करू नये.

काही बोके पायपुसण्याचे भक्त असतात. त्यांना जाड पुठ्ठा आडवा टाकून द्यावा.

सोफ्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावावी. पंजा धरून ‘असं कर बाळा’ शिकवू नये. तुमचाच हात ओरबाडला जाईल. ओरडूही नये, नाहीतर तो तुमच्या पाठीमागे कार्यक्रम उरकेल. कॅटनिप मिळत नसेल तर कुंडीत तण म्हणून उगवणारी खोकली उपटून तिचं मूळ खांबावर चोळावं. बरीच मांजरं त्या वासाने लोळण घेतात. सगळी नाही.

‘नखंच काढून टाकली तर?’ असं विचारणाऱ्या काकांना सांगावं, की त्यात बोटाचं शेवटचं पेर हाडासकट कापतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये त्यावर बंदी घातली. नखांचं फक्त पांढरं टोक कापावं, गुलाबी भागाला हात लावू नये.

एवढं करूनही नवा सोफा घ्यायची वेळ आलीच, तर जाड, सैल विणीचं कापड घेऊ नका. दुकानदार मऊ म्हणून कितीही गळ घालो.