डॉग बाबूंचा रहिवास
जून 2025 मध्ये बिहारात मतदारयाद्यांची ‘विशेष सखोल’ फेरतपासणी सुरू झाली. 2003 च्या यादीत नाव नसलेल्यांनी अकरापैकी एखादा कागद दाखवायचा. त्यात आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं आणि कहर म्हणजे निवडणूक आयोगानेच दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं! पासपोर्ट मात्र चालणार होता. पंजाबात भातलावणीला गेलेला मजूर तो कनवटीलाच लावून फिरतो ना.

सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आधारला बारावं पान वाढलं, तेही ओळखीपुरतं.

डॉग बाबूंचं मात्र कुठेच अडलं नव्हतं. रहिवासी दाखला अकरांत होता आणि जुलैत पाटणा जिल्ह्यातल्या मसौढीत तो त्यांना मिळालाही: वडील कुत्ता बाबू, आई कुतिया देवी, फोटो श्वानाचा, खाली डिजिटल सही. बोभाटा झाला, दाखला रद्द झाला, बाबू पुन्हा बेवारस.