प्रवाळाला आग्रह करू नये

मालेगावकराला समुद्राची हौस असण्याचं काही कारण नाही. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी जवळपास २०० किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. गावात मोसम आणि गिरणा अशा दोन नद्या आहेत, पण त्यांनी पावसाळ्याबाहेर कुणाला फारशी भुरळ पाडल्याचं ऐकिवात नाही. नळही रोज येत नाही. पण हौस कारण विचारून येत नसते. ज्या गावाने यंत्रमागांच्या खडखडाटात स्वतःचा ‘शोले’ काढला आणि स्वतःचा सुपरमॅन उडवून दाखवला, त्या गावातल्या एका पोराने दिवाणखान्यात समुद्र मांडला तर नवल करू नये. तो पोरगा माझा भाचा आहे, म्हणून मी नवल न करता नुसता जाऊन बसतो आणि चहा पितो.

हा समुद्र म्हणजे प्रवाळांसाठी मांडलेली २०० लिटरची काचेची टाकी. नळाचं पाणी आधी आरओमधून काढायचं आणि मग लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने खास समुद्री मीठ विरघळवायचं. म्हणजे टाकी एकदा भरायला सात किलो मीठ लागतं. “एवढ्यात माझं चार वर्षांचं लोणचं झालं असतं,” असं भाच्याची आई, आमची अक्का, म्हणते. त्यातलं ठरावीक पाणी दर आठवड्याला काढून नवं घालायचं. आरओने नाकारलेलं पाणी ती फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरते, त्यामुळे समुद्र आल्यापासून घरातली तुळस जोमात आहे.

पाण्याचं तापमान २५-२६ अंशांवर ठेवावं लागतं. मालेगावचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला यातला विनोद सांगायला नको. त्यासाठी चिलर आहे. चिलर पाणी गार करतो आणि त्यातली उष्णता खोलीत सोडतो. बाहेर ४३ अंश, टाकीत २५, आणि मधल्या सोफ्यावर बसलेले आम्ही. वीज गेली की मालेगावात ते आधी कानांना कळतं, कारण माग थांबतात. गल्ली एकदम शांत झाली की भाचा ताटावरून उठतो आणि बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीत सोडतो. पाणी हललं नाही तर त्यातला प्राणवायू हळूहळू संपतो.

पण खरा प्रश्न खाण्याचा आहे. आमचं घर कसमादेतलं, म्हणजे मालेगावकडच्याच पट्ट्यातलं. पाहुण्याने दोनदा “पुरे” म्हटलं तर तो लाजतोय, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर त्याला स्वयंपाक आवडला नाही, अशी आमच्याकडची व्याकरणशुद्ध समजूत. खापरावरचा मांडा ताटात पडतो तो पाहुण्याला विचारून नव्हे. आता अशा घरात असा प्राणी येऊन बसला, जो बोलत नाही, हलत नाही, ताट पुढे करत नाही आणि ‘पुरे’ही म्हणत नाही. अक्काने पहिल्याच दिवशी काचेला नाक लावून निदान केलं, “बिचाराले भूक लागनी व्हई.”

मग तिने लगेच एक प्रश्न विचारला, आणि तो मला आजही फार शास्त्रीय वाटतो: “हे शाकाहारी का मांसाहारी?” प्रवाळ हा मुळात प्राणी आहे हेच माणसाला पटायला वेळ लागला. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने पाण्यात ठेवलेलं पोवळं पाहून सांगितलं की ही फुलं नव्हेत, हे जीव आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते इतकं हास्यास्पद वाटलं की त्यांच्यातल्याच रेओम्यूरने पेसोनेलचं म्हणणं मांडताना त्याचं नावही घेतलं नाही. उगाच बिचाऱ्याची बदनामी नको, म्हणून. आपल्याकडे मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की बोटात एका प्राण्याचा सांगाडा आहे, हे मी विचारून पाहिलेलं नाही. संबंध टिकवायचे असतात.

तर उत्तर असं की पुष्कळ प्रवाळं दोन्ही डगरींवर हात ठेवून असतात. त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि मोठा वाटा घरमालकाला देतं. भाच्याच्या टाकीत झोअँथिड आहेत, शर्टाच्या बटणाएवढे, हिरव्या-नारिंगी तोंडांचे. ते बराचसा काळ दिव्याच्या उजेडावर काढतात आणि वर समोरून वाहत आलेलं बारीकसारीकही सोडत नाहीत. त्यांना भरवण्याचा सोहळा बघण्यासारखा असतो. आदल्या दिवशी उलट्या टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत खारं पाणी आणि हवेची नळी सोडून आर्टेमिया या चिमुकल्या कवचधारी जीवाची अंडी टाकायची. २८ अंशांच्या आसपास ती साधारण एका दिवसात फुटतात आणि अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेली केशरी पिल्लं वळवळू लागतात. बाटलीच्या एका अंगाला टॉर्च धरला की सगळी तिकडे धावतात. मग ती नळीने ओढून, गोड्या पाण्यात झटपट धुऊन घ्यायची. टाकीचे पंप बंद करायचे, आणि लांब पिपेटने प्रवाळाच्या जरा वरच्या बाजूला अगदी हळू सोडायची. नेम धरून तोंडावर पिचकारी मारली तर प्रवाळ आक्रसतं आणि जेवण बारगळतं. धीर धरला तर कडेची बोटं एकेक करून आत वळतात, बटण मिटतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडतं.

या प्राण्याला तोंड आणि मागची वाट अशी दोन दारं नसतात. एकच दार, आत यायलाही आणि बाहेर टाकायलाही. हे कळल्यावर अक्का दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भाचा बाहेर गेल्याचं पाहून तिने माया म्हणून अर्धी बाटली हिरवं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, टाकीत ओतलं. संध्याकाळपर्यंत पाणी पिठल्यासारखं झालं. न खाल्लेलं अन्न कुजून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट. फॉस्फेट वाढतं ते वेगळं, आणि मग दगडांवर केसाळ शैवाल माजतं. ताट आणि मोरी दोन्ही एकाच पाण्यात असली की उष्टं कुठे जाणार? स्किमर नावाचं यंत्र फेस काढून ही घाण वरच्या कपात गोळा करतं. तो कप धुण्याचा मान आता अक्काकडे आहे. शिक्षा भाच्याने दिली नाही, तिनेच घेतली. तो तपकिरी वास एकदा नाकात गेल्यावर तिचा वाढण्याचा हात बराच आखडला.

खरी हृदयद्रावक गोष्ट मात्र कार्नेशन प्रवाळाची. मऊ अंगाचं, गुलाबी-लाल फांद्यांचं, बघताच पैसे काढावेसे वाटणारं. मुंबईतल्या एका दुकानदाराने “काही करावं लागत नाही, साहेब” म्हणून ते भाच्याच्या गळ्यात मारलं. याच्या अंगात शैवाल नाही, म्हणजे दिव्याचा उपयोग शून्य. ते जगतं फक्त गाळून, आणि ते अक्काच्या प्रश्नाचं दुर्मिळ उत्तर आहे: मुख्यतः शाकाहारी. १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या अभ्यासात दिसलं की त्याचं पोट प्रामुख्याने वनस्पती-प्लवकावर भरतं. ते प्लवक काही सहस्रांश मिलिमीटरचं. ते त्याला दिवसभर, सतत, वाहत्या पाण्यातून हवं असतं. दोन वेळचं जेवण त्याला ठाऊकच नाही. पाणी स्वच्छ ठेवा तर ते उपाशी, पोटभर वाढा तर बाकीचे मरतात. काही आठवड्यांत ते आक्रसून बोटभराचं झालं आणि मग दगडावरून सुटलं. आमच्या घरातून उपाशी गेलेला हा पहिला पाहुणा. अक्का अजून त्याचा विषय निघाला की त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांची विचारपूस करते. माझंही मत हेच आहे: जे खाऊ घालता येत नाही ते विकू नये, आणि विकलं तरी आपण आणू नये.

टाकीत दगडी सांगाड्याचं प्रवाळ एकही नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रवाळभित्ती बांधणारी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे ही सगळी २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं निघाली तेव्हा महापालिकेला वन खात्याची परवानगी काढावी लागली, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने १८ समूह उचलून दुसरीकडे बसवले गेले. मला त्यातलं विशेष वाटतं ते हे, की मुंबईच्या त्या गढूळ, मैल्याच्या पाण्यात ती जगत होती. कुणी पिपेट घेऊन गेलं नव्हतं, कुणी चिलर लावला नव्हता. भरती दिवसातून दोनदा वाढप करून जायची.

ज्यांना प्रवाळ खरंच बघायचं आहे त्यांनी मालवणला जावं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं. पावसाळा सोडून जा, पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि माशांना पाव टाकू नका, होडीवाला पुडा पुढे करत असला तरी. घरीच टाकी मांडायची असेल तर मऊ प्रवाळांपुरती मांडा. दगडी तुकडा कुणी स्वस्तात दाखवला तर सरळ नाही म्हणा. आणि मालेगावात राहत असाल तर पहिले पैसे इन्व्हर्टरला ठेवा, दुसरे चिलरला, तिसरे मिठाला. खाऊच्या बाटल्या सगळ्यात शेवटी घ्या, आणि त्या अक्काच्या हाताला लागणार नाहीत अशा फळीवर ठेवा.