कार्यकारी अभियंता, मुक्काम मेसा

जिथे सगळं आपोआप चालतं तिथे आमच्या सासऱ्यांचा जीव रमत नाही. वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. अकोल्याच्या मे महिन्यात, अर्ध्या गावाचे पंखे थांबलेले असताना ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून त्यांनी नोकरी केली. त्यांना ॲरिझोनात लेकीच्या घरी आणून बसवलं, तर इथे भिंतीवरचा थर्मोस्टॅट स्वतःच एसी लावतो आणि स्वतःच बंद करतो. बाबा त्याच्याकडे काही दिवस नुसते पाहत राहिले. मग त्यांना कळलं की जावयाची एक मोटरहोम आहे, ती मेसाच्या आरव्ही पार्कात उभी असते आणि उन्हाळ्यात तिच्यात पाय ठेवता येत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी बॅग भरली. आईंचीही.

२०२३ साली फिनिक्सला दुपारचा पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, खाली उतरला नव्हता, हे मी त्यांना घाबरवायला सांगून पाहिलं. "त्रेचाळीसच नं?" बाबा म्हणाले. छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा फार तर दहा-अकरा अंश खाली आणतो, म्हणजे बाहेर ४६ असेल तर आत ३५, हेही सांगितलं. त्यावर ते खूशच झाले. यंत्र अपुरं आहे म्हणजे माणसाला काम आहे!

पहिला हल्ला समोरच्या भल्यामोठ्या काचेवर. मी आतून लावलेले पडदे त्यांनी काढून टाकले. काचेतून आत शिरलेलं ऊन पडद्यापाशी अडकतं आणि तिथेच तापत बसतं; नको असलेला पाहुणा दाराबाहेरूनच परतवायचा असतो, हे त्यांचं तत्त्व. (जावयाला हे ऐकवताना ते जरा अडखळले.) चंदेरी बुडबुड्यांची फॉइल आणून, आईंकडून तिच्या कडा शिवून घेऊन, ती बाहेरून बसवली.

मग फ्रीज. आमच्या गाडीतल्या फ्रीजला कॉम्प्रेसर नाही. गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेच्या हीटरवर अमोनिया उकळवून तो गारवा करतो आणि सगळी ऊब गाडीच्या कुशीतल्या जाळीतून बाहेर सोडतो. त्या जाळीवर दुपारभर ऊन पडलं की आत दूध नासतं. बाबांनी होकायंत्र घेऊन पार्कच्या मॅनेजरबाईंना गाठलं आणि ती बाजू उत्तरेला येईल अशी जागा मागितली. बाईंनी कुठेतरी वास्तुशास्त्राबद्दल ऐकलेलं होतं. त्यांनी हात जोडून जागा बदलून दिली.

पण खरे बाबा पाहावेत ते दुपारी चारला. पार्कातले सगळे एसी एकदम ओढायला लागले की १२० व्होल्टचे ११० होतात, कधी १०५ होतात, आणि व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर जास्त करंट खेचून तापतो. बाबा मल्टिमीटर घेऊन प्लगपाशी उभे राहत आणि तिथून आकडे पुकारत. आमचं कनेक्शन ३० ॲम्पिअरचं, म्हणजे सारे मिळून ३६०० वॅट. त्यातले निम्मे एसी खातो, चहाची किटली दीड हजारांची, वर फ्रीज. तिन्ही एकदम लागले की ब्रेकर उडालाच. "चहा पाहिजे की हवा पाहिजे?" हा आईंना रोजचा सवाल. पुढे तर दारावर कागदच चिकटला: भारनियमन, सायं. ४ ते ४.२०, विभाग शयनकक्ष. अमेरिकेच्या आरव्ही पार्कात भारनियमन आणणारा हा बहुधा पहिलाच अधिकारी.

जूनमध्ये त्यांनी कुलर बांधला. हवा ठणठणीत कोरडी, एसी बंद, एक खिडकी किलकिली, झकास चालला. "वाळ्याचा वास नाही," एवढीच तक्रार. जुलैत ॲरिझोनाचा मान्सून आला. त्यात पाऊस कमी, दमटपणा जास्त, आणि कुलर नुसता घाम पुरवायला लागला. बाबांच्या मते यात यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं, हवेचं चुकलं होतं.

तेव्हा आई, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तांत्रिक विषयात बोलल्या. "अहो, या घराला चाकं आहेत नं? मग काहून बसलो आपण इथं?"

फ्लॅगस्टाफ अडीच तासांवर. उंची सात हजार फूट, त्यामुळे भर उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांनी गार. उन्हाशी न लढता उठून निघून जाणं बाबांच्या लेखी तारेवर आकडा टाकण्याइतकंच गैर होतं. तरी निघालो.

चढावर इंजिनचा काटा वर सरकू लागला. "एसी बंद," बाबा म्हणाले. केला. काटा थांबेना. "आता हीटर लावा, जावईबापू." बाहेर बेचाळीस होतं. पण त्यांचं शास्त्र बिनचूक: इंजिनातलं उकळतं पाणी हीटरमधून फिरलं की त्याची ऊब गाडीत येते आणि इंजिन तेवढं हलकं होतं. काटा खरोखर खाली आला. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या, आणि बाबांच्या चेहऱ्यावर मी त्या संपूर्ण मुक्कामात पाहिलेलं सर्वांत निर्मळ समाधान होतं.

वर पाइनची झाडं, संध्याकाळी स्वेटर. बाबांनी मल्टिमीटर लावला: १२०. तासाभराने पुन्हा लावला: १२०. रात्री ते न जेवताच झोपले.

सकाळी पाहतो तर शेजारच्या गाडीतले एक वयस्क गोरे गृहस्थ खुर्ची टाकून वहीत काहीतरी उतरवून घेत होते, आणि बाबा होकायंत्र हातात धरून त्यांना उत्तर दाखवत होते. गृहस्थ त्या दिवशी खाली युमाला निघाले होते. काच, फॉइल, फ्रीजची जाळी, व्होल्टेज... कुलरची आकृती बाबांनी स्वतःच काढून दिली. आई एसी आणि किटली एकदम लावून केलेला चहा घेऊन बाहेर आल्या, थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "त्या भल्या माणसाला सांगा बाप्पा, जाऊच नको म्हणावं."