साखळीबहाद्दर

मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याण सोडलं की साखळीबहाद्दर कामाला लागतो. खालच्या बर्थखाली सामान बांधायला रेल्वेनेच कड्या दिलेल्या आहेत, त्यामुळे त्याच्या उद्योगाला सरकारी पाठिंबा आहे असंच म्हणायचं. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून तो गुडघ्यांवर बसतो, लॅपटॉपच्या बॅगेच्या पट्ट्यातून साखळी दोनदा ओवतो, कुलूप लावतो आणि ते तीनदा ओढून बघतो. तिसऱ्यांदा ओढताना नजर समोरच्या प्रवाशावर असते. ती त्या बापड्याला दिलेली समज. मग किल्ली बनियनच्या आत जाते. आणि पुण्याला चहा घ्यायला उतरताना त्याच प्रवाशाला तो लाघवीपणे सांगतो, ‘‘जरा बॅगेकडे लक्ष ठेवा हं!’’

लोक त्याला संशयी म्हणतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. माझी तक्रार अशी की तो पुरेसा संशयी नाही. साखळीने तो जे बांधतो ते दुकानात पुन्हा मिळतं; जे मिळत नाही ते आत उघडं पडलेलं असतं. धंद्याचे दहा वर्षांचे हिशेब, मुलीच्या लग्नाचे फोटो, घरातल्या सगळ्यांच्या आधार आणि पॅन कार्डांचे स्कॅन, आणि डेस्कटॉपवर अगदी मधोमध ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल. या सगळ्याची दुसरी प्रत? आहे की, पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कुठे? त्याच बॅगेच्या बाजूच्या खणात. चोराचा हेलपाटा वाचवण्याची इतकी काळजी चोराच्या सख्ख्या भावानेही घेतली नसती. शिवाय कर्जतच्या आसपास फोनला रेंज आली की हाच माणूस जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे अख्ख्या डब्याला ऐकू जातील अशा आवाजात सांगतो.

यावर त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘‘लॅपटॉपला पासवर्ड आहे!’’ आहे, पण तो पुढच्या दारावरचा वॉचमन. स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, की त्या वॉचमनला कुणी विचारत नाही. डिस्कवरचा मजकूरच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असेल, तरच तो वाचता येत नाही. ही सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट या नावाने आधीच आलेली असते, वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त निघताना झाकण मिटून भागत नाही, लॅपटॉप पूर्ण बंद करावा लागतो. नुसता झोपवलेला असला तर कुलपाची किल्ली मेमरीत जागीच राहते. बिटलॉकरची अडीनडीची किल्ली 48 आकड्यांची असते. ती घरी ठेवायची. आपला बहाद्दर ती चिठ्ठीवर लिहून कुठे ठेवेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘‘चोराला माझ्या फायलींशी काय देणंघेणं? तो लॅपटॉप विकणार.’’ बरोबर, आणि विकण्याआधी तो सगळं पुसून टाकणार! चोर सभ्य निघाला, एक अक्षरही न वाचता त्याने डिस्क कोरी केली, तरी दहा वर्षांचे हिशेब गेलेच. म्हणजे लुच्च्या चोरासाठी एन्क्रिप्शन हवं आणि सज्जन चोरासाठी बॅकअप. जाणकारांचा साधा हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. ‘‘क्लाउडवर माझा भरवसा नाही,’’ असं तो म्हणेलच. ठीक आहे, प्रवासापुरती घरच्या कपाटात एक हार्ड डिस्क ठेवावी. पहाटे मिरजेच्या फलाटावर चढलेल्या अनोळखी माणसापेक्षा ते कपाट नक्कीच भरवशाचं.

साखळी टाकून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. गाडी थांबल्यावर बॅग उचलून उतरणाऱ्याला ती खरोखर अडवते, आणि लावणाऱ्याला झोप लागते. पण इतकं करूनही बॅग गेलीच, तर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार देताना लॅपटॉपचा सिरियल नंबर हाताशी लागतो. तो छापलेला असतो लॅपटॉपच्या तळाशी. तेव्हा निघण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून घरी पाठवून ठेवा.