बिनइंजिनाची मोटार

फिरत्या हॉटेलासाठी ट्रेलर बघायचा असेल तर पुणे-कोल्हापूर हमरस्ता धरावा. वरच्या टोकाला भोसरीत चकचकीत माल, खालच्या टोकाला शिरोलीत दणकट माल, आणि मधल्या सव्वादोनशे किलोमीटरभर इतक्या टपऱ्या, ढाबे नि रसवंत्या, की खाण्याचा धंदा कशाने चालतो आणि कशाने बसतो हे खिडकीतूनच दिसावं. आम्ही तिघं निघालो. मी, कारण गाडी माझी. मेहुणा, कारण भांडवल त्याचं. आणि सासरे, म्हणजे अण्णा, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मेहुण्याला साताऱ्यात मिसळ विकायची होती. गाळ्याचं भाडं नि डिपॉझिट ऐकल्यावर त्याने ठरवलं, की मिसळीलाच चाकं लावायची. टेम्पो नको, ट्रेलरच. "दाजी, टेम्पोचं इंजिन बिघडलं की अख्खं दुकान गॅरेजात. ट्रेलरचं तसं नाही. ओढणारी गाडी बिघडू दे, दुकान चालू."

मुद्दा खोटा नव्हता. मागच्या सीटवरून अण्णांनी एवढंच विचारलं, "ओढणार कोण?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

अण्णांची हयात एसटीच्या कार्यशाळेत गेली. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची वाहनं आहेत: बंद पडलेली आणि बंद पडणारी. प्रवासाला निघताना लोक पाण्याची बाटली घेतात, अण्णांनी जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक घेतलं होतं.

भोसरीच्या कारखान्यात आधी आम्हाला एसी खोलीत बसवून कॉफी पाजली. कॉफी चांगली होती, तेव्हाच किमतीचा अंदाज आला. मग टाय लावलेल्या मुलाने विचारलं, "सर, आपला कॉन्सेप्ट काय आहे?"

"मिसळ," मेहुणा म्हणाला.

"नाही, म्हणजे थीम?"

"तिखट," अण्णा म्हणाले.

ट्रेलर मात्र देखणा होता. वरातीतल्या बँडच्या गाडीसारखा वरपासून खालपर्यंत दिव्यांनी लगडलेला. आत सगळीकडे स्टील. "पूर्ण तीनशे चार आहे, सर," मुलगा म्हणाला. अण्णांनी चुंबक काढलं, टेकवलं. ते चिकटलं नाही. मुलाचा चेहरा उजळला. अण्णा म्हणाले, "दोनशे दोनलापण चिकटत नाही."

हे मला नवीन होतं. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये बरंचसं महागडं निकेल काढून त्या जागी मँगनीज घालतात. दिसायला दोन्ही सख्खी भावंडं आणि चुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत. पण मीठ आणि आंबट रोज अंगावर सांडायला लागलं की 202 लवकर गंजतं. फरक कळायला रसायनाचा थेंब टाकून बघावं लागतं. तो थेंब त्या दिवशी कारखान्यात नेमका संपला होता.

"मग तुम्ही चुंबक आणलं कशाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"समोरचा काय बोलतो ते बघायला."

खरी गंमत काउंटरची. अण्णा गिऱ्हाईक होऊन बाहेर उभे राहिले, मेहुणा मालक होऊन आत. ट्रेलरचा तळ रस्त्यापासून अडीच फूट, आणि आतल्या माणसाला वाकावं लागू नये म्हणून काउंटर तळापासून तीन फूट. म्हणजे बाहेरून साडेपाच. अण्णांची उंची पाच फूट तीन. मेहुण्याने रिकामी प्लेट पुढे सरकवली ती अण्णांच्या टोपीवरून गेली. तर्री असती तर अभिषेक झाला असता. यावर उपाय आहे. चाकं लहान घ्यायची, धुरा वाकवून तळ खाली आणायचा. पण लहान चाकं आपल्या खड्ड्यांत मुक्कामालाच जातात, म्हणून कुणी घेत नाही आणि गिऱ्हाईक टाचा उंचावून खातं.

त्याहून वरताण म्हणजे शटर उजव्या अंगाला होतं. नक्कल अमेरिकेतल्या व्हिडिओवरून केलेली. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे फुटपाथ उजवीकडे येतो. आपण डावीकडून चालणारे. आपल्याकडे असा ट्रेलर कडेला लावला, की गिऱ्हाईक भर रस्त्यात. एका हातात पाव, दुसऱ्या हातात रस्सा आणि पाठीमागून स्वारगेट-सातारा विनाथांबा.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत मेहुणा गप्प होता. मग त्याने इतिहास काढला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाच्या गावी 1872 साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने गाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. पुढे तिकडची डायनर म्हणतात ती हॉटेलं त्यातूनच निघाली. "घोडागाडी होती, अण्णा. साधी घोडागाडी!"

"म्हणजे त्याच्याकडे घोडा होता," अण्णा म्हणाले.

खंबाटकी चढून पलीकडे उतरताना पुढे एक पिकअप लागली. तिने मागे काँक्रीटचा मिक्सर जोडला होता आणि तो मिक्सर रस्ताभर डावी-उजवी करत होता. मी हॉर्न वाजवला. अण्णांनी मला थांबवलं. "जरा मागेच राहा. पोराला बघू दे."

पुढची वीस मिनिटं आमच्या मोटारीत जे व्याख्यान झालं ते मी फुकट ऐकलं, तुम्हीही ऐका. ट्रेलरचं वजन सगळं चाकांवर नसावं. शंभरातला दहा ते पंधरा किलो भार पुढे हुकावर यावा. त्याहून कमी आला, म्हणजे मागची बाजू जड झाली, की वेगात शेपूट हलायला लागतं आणि मग ते पुढच्या गाडीलाही हलवतं. पुढे फार आला तर ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं आणि स्टीअरिंग हलकं होतं. आता मिसळवाल्याकडे जड काय असतं? पाणी. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो, आणि वर ते हिंदकळणार. चांगल्या पाण्याची टाकी पुढे आणि खरकट्या पाण्याची मागे अशी ठेवली, तर सकाळी निघताना ट्रेलर नाकावर आणि संध्याकाळी परतताना शेपटीवर. दिवसभरात दोनशे किलो या टोकाचं त्या टोकाला! म्हणून दोन्ही टाक्या धुऱ्याच्या आसपास हव्यात. भोसरीत त्या नेमक्या दोन टोकांना होत्या, मध्ये फ्रिजला जागा व्हावी म्हणून.

"वडापाव कागदात देता येतो," अण्णा म्हणाले. "मिसळीला प्लेट, वाटी, चमचा. धुवायला पाणी. तू आधी काय विकणार ते पक्कं कर, मग चाकं मोज."

मेहुणा म्हणाला, मिसळ म्हणजे मिसळ. घराण्याचा बाणा आहे, वजन कितीही होवो.

कराडच्या अलीकडे एक लहानसं वर्कशॉप बघितलं. मालक सहा फूट उंच आणि त्याचा भाव सगळ्यांपेक्षा कमी. मेहुणा पाघळला. अण्णा ट्रेलरच्या तळावर आडवे झाले आणि कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवू लागले. मालकाला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. त्याने पाणी मागवलं.

"गॅस जायला भोक कुठंय?" अण्णांनी पडल्यापडल्या विचारलं.

मालकाने अभिमानाने छताकडे बोट दाखवलं. जाळी बसवलेली दोन भोकं होती तिथे. वाफ आणि धूर जायला ती उत्तमच. पण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, जमिनीलगत जाळी हवीच. शिवाय या धंद्याला 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरचा 14.2 किलोचा वापरायला बंदी आहे. इथला कप्पा घरच्या सिलिंडरच्या मापाचा होता. यावरून त्यांची आधीची गिऱ्हाईकं कशी होती ते कळलं.

"आणि पासिंग?" मी विचारलं.

"याला कसलं पासिंग? इंजिनच नाही!"

इथे मात्र मी अण्णांच्या आधी बोललो. 1988 चा मोटार वाहन कायदा मी फावल्या वेळात वाचला होता. त्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रेलर नाव घेऊन घातला आहे. इंजिन नसलं तरी कायद्याने ती मोटारच. तिची नोंदणी हवी, तिला नंबर हवा. अण्णांनी लग्नानंतर प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं.

किणीचा टोल भरून शिरोलीत पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पंचगंगेच्या अलीकडचा हा भाग म्हणजे वेल्डिंगच्या ठिणग्या आणि लेथचा आवाज. आम्ही गेलो त्या शेडमध्ये बहुतेक उसाच्या ट्रॉल्याच होत्या. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून, गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या ट्रॉल्या काय सोसतात ते सांगायला नको. इथे ना एसी, ना कॉफी. उलटा डबा टाकून मिस्त्री म्हणाले, "बसा. च्या घ्या."

मेहुण्याने मोबाइलवरचं डिझाइन दाखवलं. मिस्त्रींनी ते लांबून बघितलं आणि विचारलं, "हे उभं कुठं करणार?"

मेहुणा म्हणाला, "फिरतं आहे ना ते. कुठेही."

"कुठंही म्हणजे कुठं? जागा उताराची का सपाट? शटर कुठल्या अंगाला? रात्री आत घ्यायचं तर फाटक किती फुटी?"

दिवसभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रंग विचारला, थीम विचारली, बजेट तर सगळ्यांनीच विचारलं. आणि फिरत्या धंद्याची सगळी मेख थांबण्यात आहे. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती, सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नेमून दिलेल्या जागा असं सगळं आहे, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच विक्रेते सामावून घ्यायचे अशी मर्यादाही आहे. रस्त्याकडेला मन मानेल तिथे दहा फुटी पेटी लावणं हा त्यातला प्रकार नव्हे. मेहुण्याने शेडबाहेर जाऊन साताऱ्यात फोन लावायला सुरुवात केली.

तेवढ्यात एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. मागे ट्रॉली. शेडचं दार ट्रॉलीपेक्षा वीतभर रुंद. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं असतं: स्टीअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रॉलीचं बूड डावीकडे जातं. पोराने कानाला मोबाइल धरून, एका हाताने ती दारातून आत घातली. मी घरच्या पार्किंगमध्ये साधी मोटार लावताना वॉचमनला शिटी वाजवायला लावतो. ओढणार कोण, याचा माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मिस्त्रींनी सुचवलं ते असं: दहा बाय सहा, एकच धुरा, शटर डाव्या अंगाला, तळ खाली. दोन धुऱ्यांचा ट्रेलर रस्त्यावर स्थिर चालतो, एक टायर बसला तरी तग धरतो. पण जागच्या जागी वळवायला गेलं की टायर फरफटतात. एका धुऱ्याचा दोघं माणसं दांडी धरून फिरवतात. मेहुण्याला अजूनही दिवे हवे होते. मिस्त्री म्हणाले, "लावतो की. पण आधी हे बघा, 2019 ला आणि 2021 ला हितं हायवेवर पाणी हुतं. ज्याची ट्रॉली हुती त्यानं ओढून नेली. गाळा काय ओढता येतोय?"

ॲडव्हान्स तिथेच दिला. अण्णांनी कमानपाटे मोजले, वेल्डिंगवर नखाने टकटक केली आणि चुंबक खिशातून काढलंच नाही.

ट्रॉली आता साताऱ्यात एका ओळखीच्या गॅरेजच्या मोकळ्या जागेत उभी असते. पासिंग झालेलं आहे, नंबर आहे, अन्नसुरक्षेची नोंदणी काउंटरजवळ लावलेली आहे. महिन्याचं भाडं गाळ्याच्या निम्मं पडतं. आल्यापासून ती जागची हललेली नाही, तरी बोर्डावर 'फिरती मिसळ' असंच लिहिलं आहे. वेळ सकाळी सात ते अकरा, सोमवारी बंद. पार्सल हवं असेल तर घरून डबा आणा. कट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यायला अण्णा तयार नाहीत.