जो विषय खोलीत नाही

डोंगर कापून उभारलेल्या कुठल्याही खासगी विद्यापीठात शिरा, काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हे सर भेटतातच. दारावर पाटी: ‘आंतरविद्याशाखीय जनुकशास्त्र केंद्र’. केंद्र म्हणजे सर, पीएचडीची दोन पोरं, एक पीसीआर मशीन आणि बाटल्यांतून वाढणाऱ्या फळमाशा.

जो विषय खोलीत हजर नसेल, त्यातले सर जाणकार. जीवशास्त्रवाल्यांच्या बैठकीत म्हणतात, “शेवटी हे सगळं संख्याशास्त्रच आहे हो.” संख्याशास्त्रवाल्यांत गेले की, “तुमचं गणित ठीक, पण पेशी ऐकत नाही ना!” संगणकवाल्यांना ते इरावती कर्व्यांचं मानववंशशास्त्र सांगतात, आणि मानववंशशास्त्राच्या विभागात कुणी इरावतीबाईंचं नाव काढलंच तर लॅपटॉपवर पायथन उघडतात. हे चौघे कधी एकत्र बसणार नाहीत, याची काळजी वेळापत्रक घेतं.

तरी त्यांना ढोंगी म्हणवत नाही. मेंडेलचा विषय निघाला की गडी खुलतो. मठातला हा साधू व्हिएन्नात भौतिकशास्त्र शिकून आला, तेही डॉप्लरच्या हाताखाली. म्हणून तर त्याला वाटाणे मोजायची बुद्धी झाली! १८६६ साली निबंध छापला आणि १९०० पर्यंत जवळजवळ कुणी विचारलं नाही. हा शेवटचा भाग सर फार आवडीने सांगतात. त्यांच्या निबंधांचंही सध्या तेच चाललंय.

प्रवेशाच्या दिवसांत एखादे वडील विचारतात, “जेनेटिक्स घेऊन पुढे काय?”

“अहो, मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला होता!” सर उत्साहाने सांगतात. वडील पोराचा दंड धरून बीबीएच्या टेबलाकडे वळतात.

सरांचं खरं वैर मात्र लेखा विभागाशी. फळमाशीला पंचवीस अंश मानवतात. तेवढे मिळाले की दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. पण मे महिन्याच्या सुट्टीत वीज वाचवायची म्हणून एसी बंद. सरांनी अर्ज केला. शेरा आला: ‘माशांसाठी एसी? इथे कर्मचाऱ्यांना पंखे अपुरे आहेत.’

सरांनी नवा अर्ज लिहिला. त्यात माशांचा उल्लेख नव्हता. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी’ एवढंच होतं. आठवड्याच्या आत दोन एसी बसले. माशा मजेत आहेत. सर्व्हर अजून यायचाय.